बर्फ दुधाचा, गारवा घरचा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुरुड म्हटलं की पुष्कळांना कोकणातला समुद्र आठवतो. मी बोलणार आहे ते लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आपल्या मुरुडच्या उन्हाळ्याविषयी. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि सुट्टी लागलेली मुलं दुपारी घरात ठरत नाहीत. त्यांना काहीतरी गार हवं असतं. आजकाल त्यांना सरबतही पुरत नाही. शहरातल्या हॉटेलात काचेच्या उंच ग्लासात मिळतं तसं व्हॅनिलाचं दाट, फेसाळ, थंडगार दूध त्यांना हवं असतं. आज ते घरी कसं करायचं हे सांगते. पण त्याआधी थोडं बर्फाविषयी बोलायला हवं.

गोठवलं की जंतू मरतात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बर्फात बरेचसे जंतू नुसते झोपी जातात. बर्फ वितळला की पुन्हा जागे होतात. म्हणजे पाणी जसं, तसाच त्याचा बर्फ. बर्फाच्या कारखान्यातल्या लाद्या पुष्कळदा मासळी, भाजी किंवा औषधं थंड ठेवण्यासाठी असतात, पिण्यासाठी नव्हे. म्हणूनच २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचं बंधन आणलं. मात्र बर्फ रंगहीन दिसला म्हणून तो शुद्धच आहे, असं धरून चालू नका. पोत्यावरून ओढलेली, रस्त्यावर फोडलेली लादी कुठल्या पाण्याची, हे तिच्याकडे बघून कळत नाही. उन्हाळ्यात मुलांना जुलाब-उलट्या झाल्या की आपण उन्हाला दोष देतो आणि ग्लासातला बर्फ विसरतो.

आपल्या जिल्ह्याला पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. टंचाईच्या दिवसांत मिळेल ते पाणी भरून ठेवावं लागतं. ते पाणी उकळल्याशिवाय त्याचा बर्फ मुलांच्या पोटात जाऊ नये.

यावर साधा उपाय आहे: पाण्याचा बर्फ घालायचाच नाही. दुधाचाच बर्फ करायचा. यात दोन्ही कामं साधतात. दूध उकळलेलं असतं, त्यामुळे पोटाची काळजी मिटते. आणि पाण्याचा बर्फ वितळून दूध पांचट होतं, तसं इथे होत नाही. दुधाचा बर्फ वितळला तरी दूधच होतं. दाटपणाचं खरं गुपित हेच आहे.

आता कृती ऐका. पाच-सहा लहान ग्लासांसाठी म्हशीचं एक लिटर दूध घ्या. घरी देवणी गाईचं दूध असेल तर तेही छान. ते जरा जास्त आटवा. दूध उकळून मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. शंभर ग्रॅम साखर घाला. चहाचे दोन चमचे कॉर्नफ्लॉवर वाटीभर थंड दुधात कालवून, ढवळत ढवळत त्यात ओता आणि आणखी दोन मिनिटं उकळू द्या. कच्चा वास जायला हवा. चिमूटभर मीठ टाका. त्याने गोडी खुलते. पातेलं गार पाण्यात ठेवून दूध हलवत राहा, म्हणजे लवकर निवेल आणि साय धरणार नाही. गुठळी झालीच तर गाळून घ्या.

गरम दुधाची चव घेतली तर ते थोडं जास्त गोड लागेल. तसंच असू द्या. थंडीने जिभेला गोडी कमी कळते. साखरेचं आणखी एक काम आहे. साखर विरघळलेलं दूध पाण्यासारखं टणक गोठत नाही, त्याचे तुकडे जरा मऊ राहतात आणि मिक्सरच्या पात्यांना झेपतात. कॉर्नफ्लॉवर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बर्फाचे मोठे खडे होत नाहीत. वाण्याकडे आइस्क्रीमसाठी ज्या पावडरी मिळतात, त्यांचं कामही साधारण हेच असतं. घरच्या ग्लासभर दुधाला त्यांची गरज नाही.

दूध पूर्ण निवलं की चहाचा अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स घाला. उकळत्या दुधात घालू नका. सुगंध वाफेबरोबर उडून जातो. ही व्हॅनिला म्हणजे मूळची मेक्सिकोकडची, एका वेलीवरच्या शेंगेची चव. तिची फुलं हाताने फळवण्याची सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. शेंगेला वास देणारं व्हॅनिलिन १८७४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं. आपल्या वाण्याकडच्या स्वस्त बाटलीत बहुधा तेच असतं. त्यात कमीपणा नाही. मात्र प्रमाण सांभाळा. जास्त झालं तर चव कडवट होते.

आता निम्मं दूध बर्फाच्या साच्यात ओतून रात्रभर गोठवा. साचा नसेल तर स्टीलच्या पसरट डब्यात पातळ थर द्या आणि नंतर तुकडे करा. उरलेलं निम्मं झाकून फ्रिजमध्ये खाली ठेवा. मिक्सरचं भांडंही थंड करून घ्या. आधी थंड दूध, मग गोठलेले तुकडे, भांडं अर्धंच भरायचं. मिक्सर थांबत थांबत, एकूण अर्धा मिनिट फिरवा. जास्त फिरवलं तर पात्यांच्या उष्णतेने दूध पातळ होतं आणि वर लोण्याचे कण येतात. लोणी काढणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. ग्लासात ओता आणि लगेच प्या.

वेळ नसेल तर विकतच्या आइस्क्रीमचे दोन मोठे गोळे आणि कपभर थंड, उकळलेलं दूध घुसळलं तरी चालतं. फक्त डब्यावरचं नाव वाचा. साध्या आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के दुधाचं स्निग्ध असावं, असा नियम आहे. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात वनस्पती तेल किंवा तूप असतं. घ्यायचं तर जाणून घ्या.

वीज गेली तर? फ्रीझरचं दार उघडून बघत बसू नका. बंद दाराआड थंडी बराच वेळ टिकते. पण दुधाचा बर्फ वितळून उन्हाळ्याच्या उष्म्यात तासाभराहून जास्त कोमट राहिला, तर तो पुन्हा गोठवू नका. जीव हळहळला तरी टाकून द्या.

आणि ज्यांच्याकडे फ्रिजच नाही, त्यांनी काय करायचं? त्यांना जुन्या पॉट आइस्क्रीमची युक्ती उपयोगी पडेल. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात निवलेलं दूध निम्मं भरा. डबा बादलीत ठेवून भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ यांचे थर द्या. तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खूप खाली गार होतो. डबा फिरवत राहा. कडेला दूध धरू लागलं की झाकण पुसून उघडा, कडा खरवडा आणि स्वच्छ रवीने घुसळा. अर्ध्या-पाऊण तासात दाट दूध तयार होतं, विजेशिवाय. इथे विकतचा बर्फ चालतो, कारण तो डब्याच्या बाहेर राहतो. खारं पाणी आत जाऊ देऊ नका आणि हात धुऊनच झाकणाला लावा.

श्रोतेहो, लक्षात ठेवायचं ते एवढंच: पाण्याचा बर्फ भांड्याबाहेर, दुधाचा बर्फ ग्लासात. मुलांना नाही म्हणण्यापेक्षा त्यांच्याच हाती रवी द्या. दुपार बरी जाईल आणि त्यांच्या पोटाची चिंताही राहणार नाही.