छावणीबाहेरची खोली

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं की, तुमचं वाचन आहे, तर लोकांना सहसा ऐकायला मिळत नाही अशा एखाद्या विषयावर बोला. मी गिरणीत पाळ्या केलेला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात. तेव्हा विद्वानाचं भाषण माझ्याकडून होणार नाही. विषय घेतला आहे तो असा : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सैनिकांच्या बायका-पोरांना, त्यातही काळ्या सैनिकांच्या, प्रशिक्षण छावणीजवळ राहायला जागा कशी मिळाली आणि का मिळत नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे कुठलं काढलं! पण सैनिकाच्या पराक्रमावर सगळेच बोलतात. त्याची बायको कुठे राहिली, हे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिकवत. पलटणीतल्या लोकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. पुढे पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब दापोलीला गेलं, त्या गावाला लोक कॅम्प दापोलीच म्हणतात. छावणीला लागून घर असलं म्हणजे पोरांचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता अमेरिकेकडे जाऊ. १९४० च्या सप्टेंबरात तिथे सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. लाखो जवान भरती झाले. त्यांच्यासाठी छावण्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या पुष्कळशा दक्षिणेकडे, लहान लहान गावांच्या शेजारी. फ्लोरिडात स्टार्क नावाचं गाव आहे, वस्ती तेव्हा दीड हजाराच्या आसपास. त्याच्याजवळ कॅम्प ब्लँडिंग बांधायला घेतला. आधी हजारो मजूर आले, मग हजारो सैनिक. गावात घरं तेवढीच. माणसं तंबूत झोपली, मोटारीत झोपली.

आणि सैनिकांच्या मागोमाग त्यांच्या बायका आल्या. प्रशिक्षण काही महिन्यांचं, नंतर नवरा बोटीत बसून जाणार, परत येईल न येईल. म्हणून कडेवर पोर, हातात पेटी, अशा त्या आगगाडीने निघाल्या. सरकारचं सांगणं, घरीच राहा. पण कोण ऐकणार? १९४२ साली कायदा करून सरकारने बायकोला महिना ५० डॉलर लावून दिले. त्यातले २२ नवऱ्याच्या पगारातून कापायचे, २८ सरकारने घालायचे. म्हणजे भाड्याला थोडेफार पैसे झाले. खोली कोण देणार? सरकारने युद्धकाळात घरं बांधली खरी, १९४० च्या लॅनहॅम कायद्याने पैसाही दिला, पण ती बहुतेक कारखान्यातल्या कामगारांसाठी होती. (त्या कारखान्यांच्या गावांत एकच खाट दोन-तीन पाळ्यांचे कामगार आळीपाळीने भाड्याने घेत. आमच्या वडिलांच्या काळात गिरणगावातल्या खोलीत वळकट्या तशाच पाळीवर अंथरल्या जात. मला ते वाचताना परदेशाचं वाटलंच नाही.)

मग बायका गावात दारोदार फिरायच्या. कोणी मोटार ठेवायची शेड भाड्याने दिली, कोणी माळा, कोणी पडवीला पडदा लावून दिली. चूल दुसऱ्याची, ती ठरल्या वेळेलाच वापरायची. पोर असेल तर नको, हे आधीच सांगून टाकायचे. १९४२ पासून भाडं गोठवणारा कायदा होता. पण घरमालक तिथलाही हुशार. भाडं कायद्याचंच घेणार, मात्र खोलीतलं मोडकं सामान भलत्या किमतीला विकत घ्या म्हणणार. आपण त्याला पागडी म्हणतो.

गरोदर बाईची तर फारच परवड. दवाखान्यात मोफत बाळंतपण व्हायला त्या प्रांतातली रहिवासी पाहिजे, ही तर परगावची. वॉशिंग्टन राज्यात फोर्ट लुईस छावणीजवळ १९४१ मध्ये ही अडचण डोक्यावरून गेली, तेव्हा सरकारी निधीतून सोय करावी लागली. त्यातूनच १९४३ साली साध्या सैनिकांच्या बायकांसाठी देशभर मोफत बाळंतपणाची योजना झाली. १० लाखांवर बाळंतपणं तिच्यात झाली. ही गोष्ट चांगली झाली, ती चांगलीच म्हटली पाहिजे.

हे झालं गोऱ्यांचं. काळ्या सैनिकाची बायको आली की तिला हॉटेल बंद, गोऱ्या वस्तीतली खोली बंद, आगगाडीचा डबाही वेगळा. काळ्या प्रवाशाला कुठे उतरायला मिळेल याचं 'ग्रीन बुक' नावाचं पुस्तक १९३६ पासून निघत होतं. ते युद्धाच्या काळात नेमकं बंद होतं. मग एकच रस्ता : गावातली काळ्यांची वस्ती गाठायची, तिथल्या चर्चमध्ये विचारायचं. ज्यांच्याकडे दोन खोल्या, ते एक देत.

दोन छावण्या सांगतो, म्हणजे फरक कळेल. अलाबामात टस्कीगी इथे काळ्या वैमानिकांचं प्रशिक्षण १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे काळ्यांचं मोठं विद्यालय आधीपासून होतं. त्यामुळे शिक्षकांची, नोकरदारांची स्वतःची घरं होती, वैमानिकांच्या बायकांना त्यांच्यात खोली मिळण्याची आशा तरी होती. उलट ॲरिझोनात मेक्सिकोच्या हद्दीजवळ फोर्ट हुआचुका. १५ मे १९४२ रोजी तिथे काळ्या सैनिकांची ९३ वी डिव्हिजन उभी झाली. छावणीत काळ्या डॉक्टरांनी चालवलेलं इस्पितळ, त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मिडियन बोसफिल्ड. काळ्या अधिकाऱ्यांचा क्लब वेगळा, गोऱ्यांचा वेगळा. आणि वेशीबाहेर फ्राय नावाची चार झोपड्यांची वस्ती. टुसॉन शहर शंभरावर किलोमीटर लांब. तिथे बायको आणायची कुठे? विद्यालय नाही, आपली वस्ती नाही, म्हणून खोली नाही.

गावातल्या घरमालकांना कोणी काही बोललं का? नाही. लष्कर म्हणे, गावच्या चालीरीतीत आम्ही हात घालत नाही. पण तेच लष्कर दारूचे गुत्ते आणि बदनाम वस्त्या सैनिकांना मज्जाव म्हणून जाहीर करत होतं. फतवा निघाला की त्या दुकानाचा धंदा बसायचा. म्हणजे हातात सत्ता होती, वापरायची नव्हती.

मला स्वतःला लग्नानंतर खोली बघताना एका ठिकाणी भाडं ठरलं, चहा झाला, मग आडनाव विचारलं. लगेच खोली पुतण्याला द्यायची निघाली. तो पुतण्या काही मला दिसला नाही. तिथलेही घरमालक असलीच कारणं सांगत : आत्ताच गेली, शेजाऱ्यांना चालणार नाही.

१९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला रंगभेद बंद करण्याचा आदेश काढला. छावणीच्या आत हळूहळू बदल झाला, बाहेर नाही. १९६३ मध्ये सरकारी समितीने सांगितलं की बाहेरच्या भेदभावाचीही जबाबदारी लष्कराची आहे. आदेश निघाला, तरी घरमालकांची मनधरणीच चालू राहिली. शेवटी १९६७ च्या जूनमध्ये संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज विमानतळाच्या आसपास हुकूम काढला : जो घरमालक काळ्या सैनिकाला जागा नाकारतो, त्याच्याकडे कुठल्याच सैनिकाने नव्याने खोली घ्यायची नाही. गोऱ्यानेसुद्धा नाही. भाडं बुडायला लागलं तशी शेजाऱ्यांची कारणं कमी झाली. घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्ध देशाचा कायदा झाला तो १९६८ च्या एप्रिलमध्ये, त्याच्या नंतर.

१९४२ साली जी बाई कडेवर पोर घेऊन छावणीच्या गावात उतरली, तिचं पोर १९६७ मध्ये पंचविशीच्या घरात होतं. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. त्यातली काही पोरं सैन्यात असतील, बायकोसाठी खोली शोधत.