रात्रीच्या शिकारीतील दिवा



१९२६ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. रुद्रप्रयागच्या परिसरात आठ वर्षे माणसे मारणाऱ्या बिबळ्यासाठी जिम कॉर्बेट गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर बसले होते. सरकारी नोंदीप्रमाणे तोवर १२५ बळी पडले होते. बांधलेल्या बकरीच्या गळ्यातील घंटा वाजली. कॉर्बेट यांनी विजेरीची कळ दाबली. बिबळ्याचा खांदा क्षणभर दिसला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. कित्येक महिने जवळ बाळगलेल्या त्या विजेरीची बॅटरी कधी तपासलीच नव्हती. नेम साधला, पण केवढ्या थोडक्यात! रात्रीच्या शिकारीत दिव्याचे मोल बंदुकीहून कमी नाही ते यामुळे.

अमेरिकेच्या अनेक राज्यांत कोकरे मारणाऱ्या कायोटींची आणि ब्रिटनमध्ये कोल्ह्यांची शिकार आजही दिव्याच्या उजेडात होते. तेथे दिवा घेणारा बहुधा ल्युमेनचा आकडा पाहतो. पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकंदर प्रकाश. तो एकवटून किती लांब पोहोचेल, हे कँडेलावरून कळते. खोक्यावर छापलेल्या मीटरांचा अर्थही समजून घ्यावा. प्रचलित मानकाप्रमाणे, जेथे केवळ पाव लक्स प्रकाश उरतो तेथपर्यंतचे ते अंतर असते. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. चांदण्यात उभा प्राणी कोल्हा की कुत्रा, हे छातीठोकपणे कोण सांगेल? अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट होतो. तेव्हा २०० मीटरांचा दिवा कामापुरता १०० मीटरांचाच समजावा.

आता रंगाचा प्रश्न. कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांना लाल प्रकाश फार मंद दिसतो, म्हणून ते कमी बुजतात. शिवाय अंधाराला सरावलेली आपली दृष्टीही त्याने फारशी बिघडत नाही. पांढऱ्या झोताने ती गेली, तर पुरती परत येण्यास अर्धा तास लागतो. हिरव्या रंगात आपल्याला अधिक स्पष्ट दिसते, पण ते प्राण्यालाही दिसते. लाल उजेडात अंगाचा रंग मात्र हरवतो. म्हणून शोध लाल दिव्याने घ्यावा आणि ओळख पटेना तर पांढरा लावावा. प्राणी पळाला तरी चालेल. अवरक्त दिवा आपल्या डोळ्यांना निरुपयोगी. त्याला तसा कॅमेरा हवा.

मुख्य सावधगिरी डोळ्यांच्या चकाकीविषयी बाळगावी. अनेक प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतविणारा थर असतो. त्यामुळे कोल्ह्याचे डोळे चमकतात, तसे शेजाऱ्याच्या कुत्र्याचे आणि वाट चुकलेल्या वासराचेही चमकतात. चकाकी दिसली म्हणजे प्राणी ओळखला असे नव्हे. कान, मान, शेपूट आणि मागची जमीन दिसल्याखेरीज चापावर बोट जाता कामा नये.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. माणसाच्या जिवास धोका असेल तेव्हा वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने अपवाद होऊ शकतो. तरीही रात्री पाणी धरण्यास निघालेल्या शेतकऱ्यास आणि बिबळ्याचा माग घेणाऱ्या वनरक्षकास हाच विचार उपयोगी पडेल. दिवा डोळे दिपविणारा नव्हे, ओळख पटविणारा असावा. आणि त्याची बॅटरी उंबरठा ओलांडण्यापूर्वी तपासलेली असावी.