कामाचा हक्क आणि सरकारच्या कसोट्या

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी मला दिलेला विषय ‘सरकारचे सामाजिक धोरण’ असा आहे. शिक्षण, आरोग्य, रेशन, घरबांधणी, पेन्शन हे सारे त्यात येते, आणि प्रत्येकावर दोन-दोन शब्द बोलून आपल्या हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच धोरण निवडले आहे : उपासमार आणि बेकारी यांना उत्तर म्हणून सरकारने काढलेले काम. एकोणिसाव्या शतकात त्याला दुष्काळी काम म्हणत, महाराष्ट्रात त्याची रोजगार हमी झाली आणि २००५ साली ती देशाची झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. तेव्हा हा विषय इतिहासाच्या कपाटातला नाही.

सामाजिक धोरणाकडे पाहताना आपल्या चळवळीत दोन चुकीच्या दृष्टी आढळतात. एक, सरकार दयाळू झाले की योजना येते, ही. ती मुख्यतः सत्ताधाऱ्यांच्या भाषणांतून आपल्यात झिरपते. दुसरी आपल्याच घरची आहे. प्रत्येक योजना म्हणजे जनतेला भुलवण्याचा डाव, तेव्हा तिच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही, असे मानणारी. कार्ल मार्क्सने १८६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या उद्घाटनपर निवेदनात इंग्लंडच्या दहा तासांच्या कायद्याचा गौरव केला. तो कायदा भांडवलदारांच्याच संसदेने केलेला होता हे त्याला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? दुसरीकडे बिस्मार्कने १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला आणि त्याच राजवटीत १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्याचा विमा सुरू केला. एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात विमा. कामगारांनी विमा घेतला आणि १८९० च्या निवडणुकीत सर्वाधिक मते समाजवादी लोकशाही पक्षालाच दिली. म्हणजे योजना कोणत्या हेतूने आली, एवढ्यावर तिचे भवितव्य ठरत नाही.

मग ते कशावर ठरते? माझ्या मते प्रत्येक योजनेच्या पोटात एक कसोटी असते. मदत कोणाला द्यायची, यापेक्षा कोणाला नाकारायची, हे ती ठरवते. योजनेचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते, कसोटी नियमांच्या बारीक अक्षरांत असते. आपण बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडे पाहा. दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लोक लाखोंनी मरत होते. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करत होता. त्याच महिन्यात त्याने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी खर्चाला आळा घालण्यासाठी दक्षिणेत धाडले. टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस जगू शकत नाही, असा उघड विरोध नोंदवला. तरीही हुकूम लगेच मागे घेतला गेला नाही.

खालावलेली मजुरी हा त्या व्यवस्थेचा एकच भाग. दुसरा भाग असा की, काम गावाजवळ द्यायचे नाही, दूरच्या छावणीवर द्यायचे. खरोखर भुकेला असेल तो चालत येईल, असे त्यामागचे तर्कशास्त्र. इंग्लंडच्या १८३४ च्या दारिद्र्य कायद्याने अनाथगृहासारख्या कोंदट कामघरांत गरिबांना डांबून जे साधले, तेच येथे अंतर, कष्ट आणि तुटपुंजी मजुरी यांनी साधायचे होते. मदत इतकी कष्टाची करून ठेवायची की ज्याला दुसरा काही आधार आहे तो येणारच नाही. ज्याला कसलाच आधार नाही, पण चालण्याचे बळही उरलेले नाही, त्याचे काय, याचे उत्तर या तर्कशास्त्रात नव्हते.

उत्तर मजुरांनी दिले. मुंबई इलाख्यात मजुरी कापल्यावर आणि दूर जाण्याचे हुकूम सुटल्यावर हजारो लोकांनी कामे सोडली. दुष्काळात पोट हातावर असलेल्या माणसांनी केलेला तो संपच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळात काम देणे हे सरकारचे कर्तव्य, हे तत्त्व कागदावर आले. कसोट्याही त्याच कागदावर आल्या. शिवाय प्रजेला हे काम मागण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. दुष्काळ जाहीर करणे सर्वस्वी सरकारच्या हाती होते. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ जाहीरच केला गेला नाही, त्यामुळे संहिता कपाटात राहिल्या आणि तीसेक लाख माणसे मेली.

आता १९७२ कडे येऊ. सलग अपुऱ्या पावसानंतर महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला, त्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. लाल मिलो, सुकडी, पाझर तलाव, नाला बांध, हे शब्द सुरत, इंदूर किंवा भिलाईला पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांच्या घरातही म्हाताऱ्यांच्या तोंडी ऐकू येतात. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोचली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस खडीवर किंवा बांधावर होता. एवढे लोक एका जागी आले की ते बोलू लागतात. गावात एकेकटा असलेला शेतमजूर येथे हजारोंत एक झाला. मस्टरवर नाव का नाही, माप कमी का धरले, पगार तीन आठवडे का थकला, असे प्रश्न घेऊन मोर्चे आणि घेराव झाले आणि त्यांत स्त्रिया पुढे होत्या. डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी त्या काळात गावोगाव जे काम केले, त्यातूनच दुष्काळ संपला तरी काम थांबता कामा नये, ही मागणी जोर धरू लागली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा विचार दुष्काळाआधीच प्रयोगात आणला होता. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका तालुक्यातील प्रयोगाचा राज्याचा कायदा होण्यामागे ५० लाख मजुरांचा तो अनुभव होता. कायदा १९७७ मध्ये सर्व पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की १५ दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा. दुष्काळ जाहीर होण्याची अट नाही, जातीची नाही, जमीन किती आहे याची नाही. काम करण्याची तयारी एवढीच कसोटी.

सर्व पक्षांचा पाठिंबा का मिळाला, हेही पाहायला हवे. बागायतदारांचे वर्चस्व असलेल्या विधिमंडळाला शेतमजुराचा कळवळा एकाएकी आला नव्हता. योजनेसाठी पैसा मुख्यतः शहरांतून आला : व्यवसाय कर, विक्रीकरावरील आणि मोटारींवरील अधिभार, आणि तेवढीच भर राज्य सरकारची. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या आणि कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशाने ग्रामीण भागात तलाव आणि रस्ते झाले. तलावाच्या पाण्याचा लाभ प्रामुख्याने ज्याची जमीन खालच्या अंगाला त्याला झाला. खोदणाऱ्या भूमिहीनाला मजुरी मिळाली, मालमत्ता जमीनधारकाची वाढली. १९९० नंतर रोजगार हमीशी फळबागांची सांगड घातली गेली, तेव्हा हा कल अधिक उघड झाला. व्यवसाय कर मात्र आजही पगारपत्रकात दिसतो, तो कशासाठी सुरू झाला हे कापून घेणाऱ्यालाही आठवत नसेल.

हमीची खरी परीक्षा १९८८ मध्ये झाली. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या किमान वेतनाला जोडलेली होती आणि त्या वर्षी किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले. पुढे काय घडले? कायद्याचा एक शब्दही न बदलता मजुरांचे दिवस झपाट्याने घटले. कामे मंजूर होईनात, तहसीलदाराकडून अर्जाची पोच मिळेना, आणि पोच नाही म्हणून भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा बेकारी भत्ता कायद्यात होता, तो प्रत्यक्ष हातात पडलेला मजूर क्वचितच सापडेल. जुन्या संहितेची कसोटी कायद्याच्या दारातून हाकलली, तर ती कचेरीच्या खिडकीतून परत आली.

हाच झगडा २००४ नंतर देशाच्या पातळीवर पुन्हा झाला. लोकसभेत डाव्यांचे साठाच्या आसपास खासदार होते आणि केंद्रातील सरकार त्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते. किमान समान कार्यक्रमात रोजगार हमीचे वचन होते. तरीही डिसेंबर २००४ मध्ये जे विधेयक मांडले गेले त्यात हमी केवळ गरीब कुटुंबांपुरती ठेवली होती, आणि ती कोणत्या भागात व किती काळ लागू राहील हे सरकार ठरवणार होते. दारिद्र्यरेषेच्या यादीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे येत नाही, हे खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जनसंघटनांचा, डाव्यांचा आणि संसदेच्या स्थायी समितीचा रेटा आल्यानंतर २००५ मध्ये जो कायदा झाला, त्यातून दारिद्र्यरेषा गेली. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस, अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली, २००८ मध्ये सर्व ग्रामीण जिल्हे आले. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणत होता, प्रत्यक्षात देशभरात निम्म्याहून अधिक कामाचे दिवस स्त्रियांनी भरले. केरळमध्ये तर हे प्रमाण नऊ दशांशाच्या आसपास गेले.

या कायद्याचे मोल २०२० मध्ये कळले. टाळेबंदीत शहरांनी कामगारांना रस्त्यावर काढले, ते शेकडो मैल चालत गावी पोचले, आणि तेथे त्यांना मागण्यासारखी एकच गोष्ट कायद्याने दिलेली होती. २०२०-२१ या वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. कोणत्याही यादीत नाव नसलेला माणूस काम मागू शकला, कारण यादीच नव्हती.

नवी कसोटी मग यंत्राच्या रूपाने आली. जानेवारी २०२३ पासून कामाच्या ठिकाणाहून दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाइलवर हजेरी, आणि १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी. डोंगरातल्या पाड्यावर ‘रेंज’ नाही म्हणून भरलेला दिवस भरलाच नाही असे ठरते. टेंपलसाहेबांना निदान मजुराला डोळ्यांनी पाहावे लागत होते.

आणि आता २०२५ चा कायदा. त्याच्या नावात ‘विकसित भारत’ही आहे आणि ‘हमी’ही आहे, दिवस १०० वरून १२५ झाले आहेत. मोठी अक्षरे इथे संपली. बारीक अक्षरे अशी : बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६० आणि ४० टक्के, आणि त्यात मजुरीही आली. प्रत्येक राज्याला किती रक्कम, हे केंद्र आधीच ठरवणार, त्यापुढचा खर्च राज्याने सोसायचा. योजना कोणत्या ग्रामीण भागात लागू, हेही केंद्राच्या अधिसूचनेने ठरणार. हे कलम ऐकल्यावर २००४ चे विधेयक आठवते ना? ज्या तिजोरीत पैसा नाही ते राज्य मजुराची मागणी नोंदवून घेईल की १९८८ नंतरच्या तहसीलदारासारखी पोच नाकारील?

तरीही मला सर्वांत बोलके वाटते ते दुसरेच कलम. पेरणी आणि कापणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची त्यात तरतूद आहे. शेतीला मजूर मिळावेत, हे कारण दिले जाते. पेरणी-कापणीच्या दिवसांतच शेतमजुराचा भाव थोडा वर जातो, वर्षात तेवढेच दिवस तो मालकाशी घासाघीस करू शकतो. सरकारी काम हा पर्याय पाठीशी असेल तर तो कमी मजुरी नाकारू शकतो. नेमक्या त्याच दिवसांत पर्याय काढून घेतला जातो. लहान शेतकरी मजुरीच्या खर्चाने मेटाकुटीला आला आहे, हे खरे आहे आणि आपण ते नाकारता कामा नये. त्याला हमीभाव, स्वस्त कर्ज आणि खताची हमी द्यायची सोडून शेतमजुराच्या ताटातले काढून त्याचे समाधान करणे म्हणजे दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करणे होय. आपल्या किसान आणि शेतमजूर आघाड्यांनी या कलमावर वेगवेगळे बोलू नये. शेतमजुराला हंगामातही काम मागण्याचा हक्क आणि शेतकऱ्याला हमीभाव, या दोन्ही मागण्या एकाच पत्रकात आणि एकाच व्यासपीठावर आल्या पाहिजेत.

शाखांनी काय करायचे, एवढे सांगून थांबतो. काम मागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा लेखी अर्ज भरून घ्या आणि त्याची तारखेची पोच मिळाल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या दारातून हलू नका. पोच नाकारली तर त्या दिवशीच सर्वांच्या सह्यांचे निवेदन तहसीलदाराकडे द्या. मोबाइलवर हजेरी न लागलेल्या दिवसांची नोंद साध्या वहीत ठेवा : नाव, तारीख, काम, आणि सोबत काम करणाऱ्या दोघांच्या सह्या किंवा अंगठे. आणि तुमच्या जिल्ह्यात कामे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद ठेवली, त्या काळात शेतातली मजुरी किती होती, त्याआधी आणि त्यानंतर किती, हे गाववार लिहून पाठवा.