मासे घेण्याआधी दुकानदाराला काय विचारायचं?

शिरपूर जैनच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणींना हसू येईल. घरात काचेच्या टाकीत ठेवायचे रंगीत मासे विकत घेताना दुकानदाराकडून खरी माहिती कशी काढून घ्यायची, हा आजचा विषय आहे.

ही शहरातल्या लोकांची हौस आहे, असं तुम्ही म्हणाल. पण आता तसं राहिलेलं नाही. लेकरं दवाखान्यात, सोनाराच्या दुकानात फिश टँक पाहतात आणि घरी येऊन हट्ट धरतात. मालेगाव, रिसोड, वाशिम, नाहीतर अकोला, कुठंतरी जाऊन आपण टाकी घेतो. टाकी, हवेची मोटर, लाइट, खडे, मासे असं धरलं तर दीड-दोन हजार रुपये सहज जातात. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीचे हे पैसे असतात.

आणि आठ-दहा दिवसांत मासे उलटे होऊन वर तरंगू लागतात. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बऱ्याच घरांतून हेच ऐकायला मिळालं. परत दुकानात गेल्यावर मिळणारं उत्तरही सगळ्या जणींना पाठ होतं. "मासा मेला म्हणजे तुमच्या घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं. चांगलंच झालं. दुसरा घेऊन जा." दुकानात असं आणि घरी वेगळंच. घरी म्हणतात, "तुझ्या हाताला लागत नाही." आमच्या एका ताईंच्या आठ वर्षांच्या मुलीला घरातल्यांनी हे ऐकवलं, तर त्या लेकरानं टाकीजवळ जाणंच सोडलं.

म्हणून पहिली गोष्ट आम्ही ठासून सांगतो. यात हातगुण नाही, पायगुण नाही आणि संकटही नाही. बहुतेक वेळा मासा मरतो तो पाण्यामुळं. आणि ते आपल्याला आधी कळू शकतं, फक्त दुकानात योग्य प्रश्न विचारावा लागतो.

आता पाण्यात काय होतं ते समजून घेऊ. जनावरांचं मूत साचलेल्या गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो अमोनियाचा. मासाही पाण्यात अमोनियाच सोडतो. त्याच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो. नदी-तलावात पाणी भरपूर असतं, म्हणून चालून जातं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी बसतं. तेवढ्या पाण्यात अमोनिया साचला की माशाचे कल्ले जळतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही.

हा अमोनिया खाऊन टाकणारे बारीक जिवाणू असतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर हळूहळू वाढतात. नव्या टाकीत त्यांना तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण दुधाला विरजण लावतो आणि दही लागेपर्यंत भांडं हलवत नाही, तसंच हे आहे. विरजणाशिवाय दही नाही आणि जिवाणूंशिवाय टाकी तयार नाही. चांगल्या चालू टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं, कारण ते आयतं विरजणच असतं.

आता दुकानात विचारायचा पहिला प्रश्न लक्षात ठेवा. "दादा, टाकी आज घेतली तर मासे आजच न्यायचे का?"

"हो, न्या की, काही होत नाही," असं उत्तर आलं तर सावध व्हा. "टाकी न्या, पाणी भरून फिल्टर चालू ठेवा, मासे काही आठवड्यांनी घेऊन जा, तेही आधी दोन-चारच," असं जो सांगतो त्याचं ऐका. कारण असं सांगताना त्याचा आजचा गल्ला कमी होतो. स्वतःची विक्री थांबवून जो माणूस सल्ला देतो, त्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायला जागा असते. आमच्या एका ताईंना एका दुकानदारानं त्या दिवशी मासे दिलेच नाहीत. त्या चिडून घरी आल्या. महिन्यानं परत गेल्या तेव्हा त्यानं आपल्या टाकीतला जुना स्पंज फुकट दिला. त्यांचे मासे एक अख्खा उन्हाळा काढून अजून जिवंत आहेत.

दुसरा प्रश्न आपल्या पाण्याचा. दुकानदाराला आपलं पाणी माहीत नसतं, ते आपणच सांगायचं. नळाचं आहे, विहिरीचं आहे की बोअरचं? पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो का? बसत असेल तर पाणी जड आहे. गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे जड पाण्यात चांगले राहतात. निऑन टेट्रासारख्या माशांना हलकं पाणी मानवतं. शक्य असेल तर घरच्या पाण्याची बाटली सोबत न्या आणि विचारा, "या पाण्यात कोणता मासा टिकेल?" पाण्याबद्दल एक शब्दही न विचारता जो थेट महागड्या माशाकडं बोट दाखवतो, त्याला विक्रीची घाई आहे असं समजा.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. ती आपल्या आरोग्यासाठी गरजेची आहे. पण त्यातलं क्लोरीन माशांना मारतं. पाणी पसरट उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. खात्री करायची असेल तर गावच्या जलसुरक्षकाला विचारा. ते ओटी टेस्ट करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. परीक्षानळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. ती तपासणी त्यांच्याच हातून करून घ्या, ते औषध घरच्या टाकीत टाकायचं नसतं. दुकानातही विचारा, "क्लोरीन काढायला काय करायचं?" हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मासे विकता येत असतील, पण सांभाळता येत नाहीत.

तिसरा प्रश्न. "हा मासा मोठा झाल्यावर केवढा होतो?" दुकानात सगळे मासे बोटाएवढे दिसतात, कारण ती पिल्लं असतात. गोल भांड्यात ठेवून विकतात तो गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षंही जगतो. त्या भांड्यात तो जगत नाही, नुसता मरायला वेळ लावतो. काच साफ करतो म्हणून सकर मासा देतात. तो फूट-दीड फुटापर्यंत वाढतो. मग घरात मावत नाही म्हणून लोक तो नदी-तलावात सोडतात. उजनी धरणातल्या मच्छीमारांना विचारा. तिथं हा सकर वाढला आहे, जाळ्यात अडकून जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. म्हणून नको झालेला मासा आपल्या गावतलावात, धरणात कधीच सोडू नका. नको झाला तर परत घ्याल का, हेही दुकानातच आधी विचारून ठेवा.

फायटर माशाचे दोन नर एका टाकीत ठेवले तर एकमेकांना फाडतात. "कोणासोबत कोण राहतो?" हे विचारल्याशिवाय जोडी घेऊ नका. काही दुकानांत झगमगीत निळे-गुलाबी पारदर्शक मासे दिसतात. त्यातल्या काहींच्या अंगात सुईनं रंग भरलेला असतो. तो रंग काही दिवसांनी उतरतो आणि मासाही दुबळा होतो. "हा रंग जन्मजात आहे का?" असं सरळ विचारा. आणि अमुक मासा ठेवला की लक्ष्मी येते, हे ऐकलं की त्याला म्हणा, "ते राहू द्या दादा, हा खातो काय आणि याला पाणी किती लागतं ते सांगा."

चौथा प्रश्न. "हे मासे दुकानात कधी आले?" चेन्नई, कोलकाता, मुंबई अशा लांबच्या ठिकाणांहून मासे पिशव्यांमधून येतात. कालच आलेला मासा थकलेला असतो आणि त्याचा रोग अजून बाहेर दिसत नाही. आठवडाभर दुकानात राहिलेला, खाणारा मासा घ्यावा. "आमच्यासमोर खाद्य टाका," असं सांगा. मासे धावून आले तर ठीक. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, चिकटलेले पर, कोपऱ्यात धापा टाकणारा मासा, तळाशी मेलेला मासा, यातलं काहीही दिसलं तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. दुकानदार तोंडानं काहीही सांगो, टाकी खोटं बोलत नाही.

निघताना सांगा, "आम्हाला शिरपूरला जायचं आहे, दोन तास एसटीत जातील, पिशवीत ऑक्सिजन भरून द्या." घरी आल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि नंतरच मासा सोडा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, सगळं नको. स्पंज नळाखाली साबणानं घासू नका, विरजणच धुऊन जाईल. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्या आणि ते पाणी परसबागेला टाका. आपल्याकडं मे महिन्यात कडक ऊन आणि त्यात लाइट जाते. गरम पाण्यात हवा कमी विरघळते. म्हणून टाकीत मासे कमीच ठेवा.

आता विचारायचं कसं, ते सांगतो. बऱ्याच दुकानांत प्रश्न आपण विचारतो आणि दुकानदार उत्तर सोबतच्या पुरुषाकडं बघून देतो. म्हणून दोघी-तिघींनी मिळून जा. प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथंच लिहून घ्या. वहीत लिहिताना पाहिलं की समोरचा माणूस जपून बोलतो. बाजाराच्या दिवशी, गर्दीत विचारू नका, दुपारी निवांत वेळी जा. काउंटरवरचा पोरगा कधीकधी नवा असतो, त्याला स्वतःलाच कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्यावर रागावू नका. "मालक कधी असतात?" असं विचारा. "मला माहीत नाही, विचारून सांगतो," असं म्हणणारा पोरगा भेटला तर तो चांगलाच समजा. आणि एकच प्रश्न दोन दुकानांत विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर त्या दिवशी पैसे काढू नका.

टाकी, मोटर, फिल्टर, हीटर यांचं पक्कं बिल आणि गॅरंटी कार्ड मागायला लाजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नं आपल्याला वस्तूची खरी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. पण बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

दुकानाबाहेरही विचारायला माणसं आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. शिकायला गप्पीसारखा मासा नाही. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. ज्या गटांना रंगीत माशांचा धंदाच करायचा आहे, त्यांनी तर दुकानदाराच्या शब्दावर कर्ज उचलूच नये. आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. सध्या अर्ज कसा करायचा, ते तिथंच विचारावं.

मैत्रिणींनो, हे फक्त माशांपुरतं नाही. बियाणं घेताना, फवारणीचं औषध घेताना, कोंबडीची पिल्लं घेताना आपण दुकानदारालाच विचारतो, "काय देऊ म्हणता?" आणि तो देईल ते घेऊन येतो. पुढच्या वेळी "हे नाही घेतलं तर चालेल का?" असंही विचारून पाहा. उत्तर काय येतं यापेक्षा ते देताना त्याला किती वेळ लागतो, तिकडं लक्ष द्या.

आणि ज्या घरात मासे मेले, तिथल्या लेकरांना आज संध्याकाळी एवढं जरूर सांगा, "तुझा हात वाईट नव्हता, पाणी तयार नव्हतं." पुन्हा टाकी मांडायची असेल तर आधी पाणी भरा, फिल्टर लावा आणि महिनाभर थांबा. तोवर त्या लेकराच्याच हातानं वहीत प्रश्न लिहून घ्या.

तुमच्या गावात काय अनुभव आला, ते बैठकीत नक्की सांगा.