मर्यादित खर्चात खेळाचा संगणक : सुट्या भागांची निवड



पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आज जळगाव शहर महानगरपालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर झाले आहे. येथील नोकरदाराच्या किंवा लहान व्यापाऱ्याच्या घरातील तरुण जेव्हा संगणकीय खेळांसाठी सुटे भाग जुळवून संगणक बांधून घेण्याचा विचार बोलून दाखवितो, तेव्हा घरात दोन प्रश्न उभे राहतात. खेळासाठी एवढा खर्च कशाला, हा पहिला आणि खर्च केलाच तर पैसा योग्य जागी पडेल काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या त्या कुटुंबानेच द्यावयाचे आहे. मात्र असा संगणक चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकीचे आराखडे आणि प्रोग्रॅमिंग या कामांनाही उपयोगी पडतो, हे विसरून चालणार नाही. शिवाय खेळ आणि जुगार यांची गल्लत होऊ नये. केंद्र शासनाच्या २०२५ च्या अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. प्रस्तुत भाषणाचा विषय दुसऱ्या प्रश्नापुरता मर्यादित आहे.

जोडी जुळली पाहिजे

विहिरीवर मोठ्या अश्वशक्तीची मोटर बसविली आणि तिला अरुंद पाइप जोडला, तर केळीच्या बागेला पाणी पाइपाच्या बेताचेच मिळते. मोटरीवरचा जादा खर्च वाया जातो. संगणकाचेही तसेच आहे. एकच भाग भारी आणि बाकीचे दुबळे असले, तर दुबळा भाग सर्वांना मागे खेचतो.

म्हणून निवडीचा आरंभ पडद्यापासून करणे इष्ट ठरते. १९२० × १०८० या प्रचलित पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर ते सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे चौपट होतात. प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहून अधिक वेळा रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाला करावे लागते. मर्यादित खर्चात पहिला पडदा पुरेसा असून त्यामुळे कार्डावरील खर्चही आटोक्यात राहतो.

खेळासाठी सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा. सामान्यतः एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक. प्रोसेसर मध्यम प्रतीचा चालतो. पैसे एकदम उभे राहत नसतील, तर ज्याच्यात चित्रनिर्मितीची सोय अंगभूत आहे असा प्रोसेसर प्रथम घ्यावा. एएमडी कंपनीचा २०२४ मधील रायझन ५ ८६००जी हा याच प्रकारचा आहे. हलके खेळ त्यावर चालतात व कार्ड पुढील वर्षी बसविता येते. अशा वेळी रॅमची एकच पट्टी न घेता समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. माहितीला दोन वाटा मिळून वेग वाढतो.

बाजाराची वेळही पाहावी लागते. २०२० व २०२१ मध्ये कूटचलनाच्या उत्खननामुळे कार्डांची टंचाई झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलल्यावर रात्रंदिवस राबविलेली जुनी कार्डे बाजारात आली. वापरलेले कार्ड घेताना ते चालवून दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुढे २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमच्या किमती भडकल्या. जुनी किंमत गृहीत धरून केलेला हिशेब अशा वेळी कोलमडतो.

खानदेशचा उन्हाळा

पिंप्राळ्याच्या आषाढी रथोत्सवात रथ ओढणारे हात असंख्य असतात. पण चाकाला मोगरी लावून त्याला आवरणारे हात मोजकेच असतात. संगणकात हे काम एसएमपीएस आणि हवेची व्यवस्था करतात. तरुणांच्या यादीत नेमकी हीच दोन नावे शेवटी येतात आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडते.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीचे तापमान १५ अंशांनी वाढले, की त्याच कामात संगणकाच्या आतील भागांचेही जवळपास तेवढेच वाढते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेला, बहुधा ९५ ते १०० अंशांना पोहोचला, की स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. महाग प्रोसेसर घेऊन बंद काचेच्या कॅबिनेटमध्ये कोंडणे म्हणजे विकत घेतलेला वेग उन्हाळ्यात गमावणे होय. समोरून हवा आत घेणारे आणि मागून बाहेर टाकणारे पंखे, धूळ अडविणारी जाळी व वेळच्या वेळी सफाई यांचा खर्च थोडा, पण उपयोग मोठा आहे.

आरएक्स ६६०० या कार्डाला सुमारे १३२ वॅट, तर आरटीएक्स ४०६० ला सुमारे ११५ वॅट वीज लागते. त्यात प्रोसेसर व इतर भागांची गरज मिळवून वर मोकळीक राहील असा नामांकित कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस’ ही खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो ते सांगते. सुरक्षिततेची ती हमी नव्हे. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना सोबत मदरबोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. विजेचा दाब कमीअधिक होणाऱ्या किंवा ती वारंवार जाणाऱ्या वस्तीत यूपीएसची तरतूद हिशेबात आधीच धरावी.

खरेदी करताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव कदाचित उतरता मिळेल. परंतु जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. बिघडलेला भाग हमीच्या मुदतीत घेऊन जाण्याचा प्रवासखर्च व खोळंबा त्या बचतीतून वजा करावा. प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक आणि हमीची मुदत नोंदविलेले पक्के बिल घ्यावे. मदरबोर्डवर प्रोसेसर व रॅम बसतात काय, हे पैसे देण्यापूर्वी पडताळावे. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही.

शाळेच्या संगणक कक्षाला किंवा गावच्या अभ्यासिकेला संगणक घेतानाही हेच नियम लागू पडतात. आधी काम ठरवावे, मग पडदा, मग इतर भाग. वीज आणि हवा यांत कसर करू नये. पालकांनी व शिक्षकांनी मुलाकडून अशी यादी कारणांसह लिहून घ्यावी. ती तयार करताना तो गरज व हौस यांतील फरक ओळखू लागेल आणि घरचा पैसा कष्टाचा आहे, याचीही जाणीव त्याला होईल.