चिठ्ठीआधीचे दिवस

इंग्लंडमध्ये कर्करोगाचा संशय आल्यावर डॉक्टरांनी रुग्णालयासाठी तातडीची चिठ्ठी दिली, की ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत असा दंडक आहे. पण चिठ्ठीआधी गेलेले दिवस त्यात धरले जात नाहीत. ते रुग्णालाच ठाऊक. म्हणून २०१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात रुग्णांना विचारलं गेलं : रुग्णालयात पाठवण्याआधी डॉक्टरांकडे किती खेपा घातल्या? मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात निम्म्या रुग्णांनी तीन किंवा जास्त खेपा सांगितल्या. स्तनाच्या कर्करोगात शंभरात जेमतेम सात-आठ जणींनी. स्तनातली गाठ हाताला लागते. मायलोमाची पाठदुखी, थकवा मात्र साध्या दुखण्यात खपून जातो. असा उशीर कळला, की कोणाची रक्ततपासणी आधी करायची हे ठरवता येतं.