दिवाळीचा रंग जूनमध्ये



आज मी घरातलाच विषय घेऊन आले आहे. घराला बाहेरून रंग कधी द्यायचा आणि त्यासाठी रंगारी कसा निवडायचा, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटत होतं. हे अज्ञान मला बत्तीसशे डॉलरांना पडलं, म्हणून आज तुमच्यापुढे बसले आहे.

मी मूळची मिरजेची. आमच्याकडे पाऊस सरला, नवरात्र उरकलं की रंगारी यायचे. घरातलं सामान अंगणात, भिंतींना लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचे दोन हात. धनत्रयोदशीला घर नव्या रंगाच्या वासानं भरलेलं असायचं. माझ्या मनात दिवाळी आणि रंग यांची गाठ अशी लहानपणीच पक्की बसली होती.

एडमंटनला आम्ही आधी अपार्टमेंटमध्ये होतो. मग जुनं, 1956 साली बांधलेलं लाकडी फळ्यांचं घर घेतलं. आमचे हे तेव्हा फोर्ट मॅकमरीला नोकरीला होते. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. घरात मी, सासूबाई आणि दोन लहान मुलं. घराचा रंग विटला होता आणि आमची त्या घरातली पहिली दिवाळी तोंडावर आली होती. मी ठरवलं, ह्यांच्या मागे लागायचं नाही, हे काम आपण करून दाखवायचं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. एका दुकानाच्या फलकावर लावलेला कागद पाहून मी फोन केला. माणूस त्याच दिवशी आला. रस्त्यावर उभं राहूनच त्यानं घराकडे पाहिलं आणि आकडा सांगितला, बत्तीसशे. अर्धे आगाऊ, रोख. पावती, करार काही नाही. "दिवाळीच्या आधी होईल ना?" एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "हो." मला तेवढंच ऐकायचं होतं. हे पैसे सासूबाईंच्या भारतवारीसाठी बाजूला ठेवले होते. त्या म्हणाल्या, "घर आधी. मी पुढच्या वर्षी जाईन."

दुपारी दहा-बारा अंश, रात्री शून्याच्या खाली, अशा हवेत त्यानं आणि त्याच्या मदतनिसानं काम केलं. सकाळी फळ्यांवर दहिवर असायचं, ते फडक्यानं पुसायचं आणि लगेच ब्रश. जुना रंग त्यांनी मशीननं घासला. धूळ सगळ्या अंगणात उडाली. आमच्या शेजारी युक्रेनी वंशाच्या आजी राहतात, जन्मापासून अल्बर्टात. त्या कुंपणापाशी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये?" मी हसून म्हटलं, "आमचा सण आहे." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

दिवाळीला घर सुंदर दिसलं. बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळी भिंत आणि दारात पणत्या. मी फोटो काढून मिरजेला पाठवले.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि उत्तरेच्या भिंतीवरून रंगाचे पोपडे हाताच्या पंजाएवढे लोंबायला लागले. बोट फिरवलं की पीठ हाताला लागायचं. त्या माणसाला फोन केले. चारदा कोणी उचलला नाही, पाचव्यांदा म्हणाला, "तुमचं लाकूडच खराब आहे." माझ्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं.

मग मी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं येणारा रंगारी त्यांनी पाठवला. हा गृहस्थ आला आणि किंमत सांगण्याऐवजी त्यानं पहिला प्रश्न विचारला, "घर कोणत्या साली बांधलंय?" मी साल सांगितलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. "जुना रंग कसा काढला? घासताना मुलं कुठे होती?"

मैत्रिणींनो, कॅनडात 1960 पूर्वीच्या घरांच्या जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. 1960 ते 1990 या काळातल्या घरांनाही, विशेषतः बाहेरच्या रंगात, ते असू शकतं. असा रंग भिंतीला घट्ट चिकटलेला असेल तर फारसा त्रास नाही. पण कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते. ती मातीत, चपलांना, मुलांच्या हातांना लागते आणि हातांवरून तोंडात जाते. वाढत्या मुलांच्या मेंदूला शिसं अपायकारक असतं. आमची मुलं त्या भिंतीलगतच्या मातीत खेळत होती. मी तिथे मेथी पेरत होते.

त्यानं रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं. शिसं निघालं. मी 811 वर फोन केला, मग डॉक्टरांकडे दोन्ही मुलांचं रक्त तपासलं. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. निकाल चांगले आले. पण त्या दिवसांनंतर रंगकाम हा माझ्यासाठी नुसत्या शोभेचा विषय राहिला नाही.

आता, रंग सुटला का, ते या रंगाऱ्यानं मला समजावून सांगितलं तसं सांगते. हल्लीचे बहुतेक बाहेरचे रंग पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडून गेलं की रंगाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून त्यांचा सलग पापुद्रा व्हावा लागतो. थंडीत ते कण कडक राहतात, नीट मिसळतच नाहीत. रंग वाळलेला दिसतो, पण तो धरलेला नसतो. बहुतेक डब्यांवर किमान 10 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. थंडीसाठी खास बनवलेले काही रंग 2 अंशांपर्यंत चालतात. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे तापमान फोनवर दिसणाऱ्या हवेचं नव्हे, भिंतीचं बघायचं. सावलीतली भिंत हवेहून थंड असू शकते. आणि ते नुसतं ब्रश फिरवताना नाही, पुढची रात्रभर टिकायला हवं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा गारठलेल्या भिंतीलाही येतो. त्या ओलीवर रंग चढवला की तो लाकडाला चिकटत नाही.

पुढचं काम पाणी करतं. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. फटीतून रंगामागे गेलेला थेंब रात्री गोठतो, दिवसा वितळतो, पुन्हा गोठतो. हिवाळाभर हे चाललं की कसलाही महागडा रंग सुटणारच.

आणि एक गोष्ट मला कधी सुचली नसती. आमच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या बाजूला पोपडे सगळ्यात जास्त होते. रंगारी म्हणाला, "आतला पंखा चालू करा बघू." पंखा नुसता आवाज करत होता, वाफ ओढत नव्हता. आपल्याकडे गरम पाण्याच्या आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर काही ना काही उकळत असतं. बाहेर उणे तीस असताना ती वाफ भिंतीतून बाहेर पडायला बघते आणि रंगाला आतून ढकलते. आधी पंखा दुरुस्त करा, मगच रंग, असं त्यानं बजावलं. स्वतःचं काम दोन आठवडे पुढे ढकलणारा माणूस पाहिला आणि माझा विश्वास बसला.

तर रंगारी निवडताना काय बघायचं?

पहिलं, वेळ. आपल्याकडे बाहेरच्या रंगाचा हंगाम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जेमतेम चार महिने, त्यातही पावसाचे दिवस वजा. चांगल्या रंगाऱ्यांचे हे दिवस लवकर भरतात. म्हणून फोन फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. जो माणूस ऑक्टोबरात फोन केल्यावर त्याच दिवशी रिकामा असतो, तो का रिकामा आहे, हा विचार करा.

दुसरं, तो घर कसं बघतो. तीन जणांकडून कोटेशन घ्या आणि प्रत्येक जण घराभोवती किती वेळ फिरतो ते बघा. खिडकीच्या चौकटीला स्क्रूड्रायव्हर टोचून लाकूड कुजलंय का पाहतो का? लाकडातली ओल मोजतो का? बर्फ कुठे साचतो, पन्हळ कुठे गळते, हे विचारतो का? घर जुनं असेल तर शिशाची गोष्ट काढतो का? आमच्याकडे हा माणूस तासभर फिरला.

तिसरं, कागद. कोटेशनमध्ये नुसता आकडा नको. जुना रंग कसा काढणार, प्रायमर कोणता, रंग कोणता, किती हात, फटी बुजवणं धरलंय का, कुजलेली फळी बदलायचा खर्च कोणाचा, पाच टक्के जीएसटी आत की बाहेर, रंग सुटला तर किती वर्षांपर्यंत येऊन दुरुस्त करणार, हे सगळं लिहून घ्या. हवा बिघडली तर काम थांबेल आणि त्यासाठी जादा पैसे लागणार नाहीत, हेही लिहून घ्या. विम्याचा कागद आणि डब्ल्यूसीबीचं पत्र मागा. कोणी शिडीवरून पडलं तर ही कागदपत्रंच उपयोगी पडतात.

चौथं, पैसे. अल्बर्टात जो कंत्राटदार तुमच्या घरी येऊन करार करतो आणि काम पूर्ण व्हायच्या आधी पैसे घेतो, त्याच्याकडे सरकारी परवाना असावा लागतो आणि त्यासाठी त्याला हमीचा बाँड द्यावा लागतो. असा करार लेखी असावा लागतो आणि त्याची प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत कारण न सांगता रद्द करता येतो. हे मला आधी माहीत असतं तर! शेवटचा मोठा हप्ता काम नजरेखालून घातल्यावरच द्या, आणि पावती घ्या.

दुसऱ्या वेळी काम जूनमध्ये झालं. खर्च चौऱ्याहत्तरशे. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं, जुना रंग ओला करून हातानं खरवडला, पोपडे गोळा करून पिशव्यांत बंद केले. मुलांना ते आठ दिवस अंगणात जाऊ दिलं नाही. भिंतीलगतची वरची माती काढून नवी घातली. धुतलेल्या भिंती पूर्ण सुकेपर्यंत माणसं आलीच नाहीत. आल्यावर ती उन्हाच्या मागे मागे, सावली जाईल तशी घराभोवती सरकत होती, कारण तापलेल्या फळीवर रंग फार लवकर वाळतो आणि नीट बसत नाही. फटी बुजवल्या, पण बाहेरच्या जादा खिडक्यांच्या खालची बारीक भोकं मोकळी ठेवली. ती भोकं पाणी बाहेर पडण्यासाठी असतात. ती बंद केली की चौकट कुजते. तुमच्याकडे कोणी ती बुजवायला लागला तर जरूर थांबवा.

ज्यांना दिवाळीला रंग हवाच आहे, त्यांनी आतल्या भिंती घ्या. हिवाळ्यात रंगाऱ्यांकडे बाहेरचं काम नसतं, त्यामुळे तारखा सहज मिळतात आणि दरातही थोडं इकडे तिकडे होतं. मात्र उणे तीसमध्ये खिडक्या उघडता येत नाहीत, म्हणून कमी वासाचा, लो-व्हीओसी रंग मागा आणि पंखे चालू ठेवा. डबे गॅरेजमध्ये किंवा गाडीत ठेवू नका. एकदा गोठलेला रंग दह्यासारखा फुटतो, तो फेकावाच लागतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली कपाटं दोन दिवस आधी सरकवून ठेवा, म्हणजे मागची गार भिंत खोलीइतकी उबदार होईल.

शेवटी एक सांगते. कोटेशनला आलेल्यांपैकी एकानं मला विचारलं होतं, "मिस्टर कधी घरी असतात?" पहिल्या वेळी मी कदाचित म्हटलं असतं, पुढच्या आठवड्यात या. त्या दिवशी म्हटलं, "घर माझंही आहे. माझ्याशी बोला." माझे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले होते. इंग्रजी अडखळत होतं, पण वही अडखळत नव्हती. तुम्हीही तशी वही करा. प्रश्न विचारल्यामुळे चांगला रंगारी कधी रागावत नाही. जो रागावतो, त्याला चहा देऊन निरोप द्या.

त्या रंगाला आता सहा हिवाळे झाले. उत्तरेची भिंत अजून शाबूत आहे. सासूबाई वर्षभर उशिरा का होईना, मिरजेला जाऊन आल्या. आणि शेजारच्या आजी दर जूनमध्ये कुंपणापाशी येऊन विचारतात, "यंदा काही रंगवायचं का?" मी म्हणते, "यंदा फक्त दारं." आमच्याकडे आता रंग जूनमध्ये असतो आणि पणत्या दिवाळीत.